पन्नीची जाडी : गेज, मिल, मायक्रॉन आणि वजन

पॉलिथीनच्या कोणत्याही फिल्मला लांबी, रुंदी आणि जाडी अशी तीन मापे असतात. त्यांपैकी पहिली दोन वावरात उभे राहून पावलांनी किंवा टेपने मोजता येतात. तिसरे माप मात्र डोळ्यांना दिसत नाही, बोटांना अर्धेमुर्धेच जाणवते, आणि तरीही मालाची किंमत, त्याचे आयुष्य व त्याची कायदेशीर पात्रता या तिन्ही गोष्टी बव्हंशी त्या तिसऱ्या मापावरच ठरतात. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत ही फिल्म वेगवेगळ्या नावांनी वावरते. बाजारातली पातळ पिशवी ती पन्नी, मिरची-टरबुजाच्या गादीवाफ्यावर अंथरला जातो तो मल्चिंग पेपर, शेततळ्याच्या तळाशी बसतो तो तळ्याचा कागद, आणि बाजार समितीच्या आवारात तुरीच्या ढिगावर ओढली जाते ती ताडपत्री. नावे बदलतात तशी जाडी सांगण्याची भाषाही बदलते. शासकीय योजनेचे कागदपत्र मायक्रॉन म्हणतात, जुना दुकानदार गेज म्हणतो, आयात यंत्राच्या माहितीपत्रकात मिल हा शब्द येतो, आणि ताडपत्रीचा व्यापारी जाडीचा उल्लेखच टाळून जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला इतके ग्रॅम, असे वजन सांगतो. या चार भाषांमधील भाषांतर हा प्रस्तुत पुस्तिकेचा विषय आहे, आणि हे भाषांतर केवळ गुणाकार-भागाकाराचे नाही, ही तिची मूळ भूमिका आहे.

मायक्रॉन म्हणजे मीटरचा दहा लाखावा किंवा मिलिमीटरचा हजारावा भाग. शास्त्रीय दृष्टीने पाहता हा शब्द निवृत्त झालेला आहे. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९६७-६८ च्या अधिवेशनात 'मायक्रॉन' हे नाव रद्द केले आणि तेव्हापासून अधिकृत संज्ञा मायक्रोमीटर अशी आहे. भारतातील प्लास्टिकविषयक नियम मात्र आजही मायक्रॉनच लिहितात आणि बाजारही तेच बोलतो, त्यामुळे या पुस्तिकेतही तोच शब्द ठेवला आहे. वऱ्हाडात एक खबरदारी जास्तीची घ्यावी लागते. जिनिंगच्या धंद्यात कापसाच्या रुईचा 'मायक्रोनेअर' रोज उच्चारला जातो आणि कानाला तो मायक्रॉनचा सख्खा भाऊ वाटतो. परंतु ते जाडीचे माप नसून एक इंच लांबीच्या तंतूचे वजन किती मायक्रोग्रॅम आहे ते सांगणारा आकडा आहे. ४ मायक्रोनेअरची रुई म्हणजे ४ मायक्रॉन जाडीचा तंतू नव्हे. कापसाचा तंतू त्याहून कितीतरी जाड असतो.

मिल आणि गेज ही दोन्ही मापे इंचाच्या घराण्यातली आहेत. वऱ्हाडातील सुतार आणि फॅब्रिकेटर इंचाचे आठ भाग करून प्रत्येक भागाला सूत म्हणतात, हे सर्वांना ठाऊक आहे; त्याच इंचाचे हजार भाग केले की प्रत्येक भाग एक मिल होतो, म्हणजे एका सुतात १२५ मिल बसतात. इंच २५.४ मिलिमीटरचा असल्याने एक मिल २५.४ मायक्रॉनचा ठरतो. गेज हा त्याहून बारीक पाडलेला भाग आहे: एका मिलचे शंभर गेज, म्हणजे १०० गेजची फिल्म २५.४ मायक्रॉन जाड, आणि उलट बाजूने एक मायक्रॉन म्हणजे ३.९३७ गेज. दुकानात या ३.९३७ चा चार होतो. २५ मायक्रॉनला १०० गेज, ५० ला २०० आणि १०० ला ४०० असा सरळ पाढा म्हटला जातो. या पाढ्यात सुमारे १.६ टक्क्यांची चूक असते, आणि फिल्म तयार होताना यंत्रावरच जाडीत याहून मोठी तफावत पडत असल्याने रोजच्या व्यवहारात या चुकीने फारसे बिघडत नाही.

बिघडते ते दोन सवलती एकाच दिशेने घेतल्या गेल्यावर. मल्चिंग पेपरची रुंदी कोणी चार फूट सांगतो, कोणी १.२ मीटर, चार फूट प्रत्यक्षात १.२१९ मीटर असतात, आणि हाही फरक बरोबर १.६ टक्क्यांचाच निघतो, कारण दोन्हींच्या मुळाशी तोच २५.४ चा इंच आहे. कोटेशन चार फूट आणि १०० गेजचे घेऊन माल १.२ मीटर आणि २५ मायक्रॉनचा आला, तर कोणाचाही शब्द खोटा न पडता सव्वातीन टक्क्यांच्या आसपास प्लास्टिक कमी पदरात पडते. एका बंडलात ते दिसत नाही. गटाने मिळून शंभर बंडले घेतली तर ती तीन बंडलांची तूट असते.

गेज या शब्दाचा खरा धोका मात्र आकडेमोडीत नाही. ज्या दुकानातून शेतकरी प्लास्टिक घेतो, त्याच दुकानातून तो रोही आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कुंपणाची तारही घेतो, आणि तारेचा गेज उलटा चालतो. तारेच्या ब्रिटिश प्रमाण गेजमध्ये १० नंबरची तार ३.२५ मिलिमीटर व्यासाची, तर १२ नंबरची तार २.६४ मिलिमीटर व्यासाची असते. आकडा वाढला की तार बारीक होते. फिल्ममध्ये आकडा वाढला की फिल्म जाड होते. एकाच काउंटरवर, एकाच शब्दाने, परस्परविरुद्ध दिशांनी धावणारी ही दोन मापे पुढे आलेली असतात. मिल या शब्दातही असाच खड्डा आहे, कारण बोलण्यात मिलिमीटरचा 'मिली' आणि इंचाचा 'मिल' यांच्यात एका वेलांटीचाच फरक उरतो, प्रत्यक्षात मात्र मिलिमीटर हा मिलच्या जवळजवळ चाळीसपट असतो. अर्ध्या मिलिमीटरचा तळ्याचा कागद ५०० मायक्रॉनचा, म्हणजे सुमारे २० मिलचा असतो. अर्ध्या मिलची फिल्म केवळ १२.७ मायक्रॉनची असून ती तळ्यात तर सोडाच, वाफ्यावरही टिकणार नाही.

एककांची ही सरमिसळ वऱ्हाडाला नवी नाही. येथील कापूस दीडशे वर्षांहून अधिक काळ जागतिक बाजाराशी बांधलेला आहे, आणि रुईचा भाव आजही खंडीत बोलला जातो. ही खंडी ७८४ पौंडांची, म्हणून ती ३५६ किलोंची मानली जाते. काटा किलोचा, भाव खंडीचा आणि शेतकऱ्याचा हिशेब क्विंटलचा, असे तीन थर एका व्यवहारात सुखाने नांदतात. देशात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात उतरली. त्या वर्षांत केंद्रातील कृषिमंत्रिपद अमरावती जिल्ह्यातील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याकडे होते, ज्यांचे नाव १९६९ मध्ये अकोल्यात स्थापन झालेले कृषी विद्यापीठ धारण करते. आज लागू असलेला २००९ चा वैध मापन कायदा व्यापारातील भाव आणि जाहिरात प्रमाण मेट्रिक एककांतच असावी असे सांगतो. म्हणून बिलावर केवळ '२०० गेज' एवढेच लिहिलेले असेल तर ते बिल अपुरे समजावे. तोंडाने गेज बोलण्यास हरकत नाही, कागदावर मायक्रॉन आला पाहिजे, आणि त्याच्या शेजारी निव्वळ वजनही आले पाहिजे.

वजनाचा हा आग्रह कशासाठी, हे समजण्यास घनता लक्षात घ्यावी लागते. एक चौरस मीटर क्षेत्राची आणि एक मायक्रॉन जाडीची फिल्म कल्पिली तर तिचे आकारमान बरोबर एक घनसेंटिमीटर भरते. त्यामुळे मायक्रॉनच्या आकड्याला पदार्थाच्या घनतेने गुणले की थेट जीएसएम मिळतो. मध्ये दुसरा कोणताही गुणक येत नाही. कमी घनतेच्या पॉलिथीनची घनता ०.९२ च्या आसपास, जास्त घनतेच्या म्हणजे एचडीपीईची ०.९५ च्या आसपास, पॉलिप्रॉपिलीनची ०.९१ आणि पॉलिएस्टर फिल्मची जवळजवळ १.४ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असते. पॉलिथीनच्या बाबतीत घनता एकच्या इतकी जवळ असते की जीएसएम आणि मायक्रॉन हे आकडे शेजारी-शेजारी पडतात, आणि नेमका येथेच ताडपत्रीच्या बाजारात घोळ होतो. '२०० ची ताडपत्री' म्हणताना एकाच्या मनात मायक्रॉन असतो, दुसऱ्याच्या मनात ग्रॅम. अकोल्याच्या डाळमिलचा माल भरणाऱ्या छापील पाकिटांत पॉलिएस्टरचा थर असेल तर आकडे उलट बाजूला सरकतात. १२ मायक्रॉन पॉलिएस्टरचे वजन १७ जीएसएमच्या जवळ जाते.

आता मल्चिंगचे एक बंडल घ्यावे: रुंदी १.२ मीटर, लांबी ४०० मीटर, लेबलावर २५ मायक्रॉन. क्षेत्र ४८० चौरस मीटर, ०.९२ घनतेने दर चौरस मीटरला २३ ग्रॅम. म्हणजे आतील पुठ्ठ्याची नळी वजा जाता बंडल सुमारे ११ किलो भरले पाहिजे. काट्यावर ते ९ किलोच भरले, तर तीच गणिते उलटी चालवावी: ९,००० ग्रॅमला ४८० ने भागून १८.७५ जीएसएम, आणि त्याला ०.९२ ने भागून सुमारे २०.४ मायक्रॉन. एकतर फिल्म पातळ आहे, नाहीतर लांबी कमी आहे. दोन्ही शक्यतांत खरेदीदाराला विचारण्याजोगा प्रश्न हाती येतो, आणि तो मिळवण्यासाठी प्रयोगशाळेची गरज लागत नाही. गावातील धान्याचा काटा पुरतो. दीड मीटर अंतरावर गादीवाफे धरले तर एका एकरात सुमारे २,७०० मीटर कागद, म्हणजे जवळपास पावणेसात बंडले लागतात. २५ मायक्रॉनला त्यांचे वजन ७५ किलोच्या घरात, तर ३० मायक्रॉनला ९० किलोच्या घरात जाते. जाडीतील ५ मायक्रॉन कागदावर नगण्य दिसतात, तरी एकरामागे ते १५ किलो प्लास्टिक असते.

वजनाची ही साक्षही आंधळेपणाने मानता येत नाही. कच्च्या मालात खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळली जाते. तिची घनता २.७ च्या आसपास असल्याने ती स्वस्तात वजन वाढवते. वजनाच्या १० टक्के खडू मिसळला तर फिल्मची घनता ०.९२ वरून ०.९८ पर्यंत चढते, आणि वर सांगितलेले ११ किलोंचे बंडल २५ ऐवजी २३ मायक्रॉनच्या आसपासचे निघते. काळ्या फिल्ममध्ये काजळीचा अंश असतो, तोही घनता थोडी वाढवतो. पण काजळी फिल्मला उन्हापासून वाचवते, खडू तसे काही करत नाही. म्हणून जाडी आणि वजन ही दोन मापे स्वतंत्रपणे घेऊन एकमेकांशी ताडून पाहावीत. जाडीवरून काढलेले वजन आणि काट्यावरचे वजन जुळले तर लांबी, रुंदी, जाडी आणि पदार्थ या चारही गोष्टींविषयी एकाच वेळी बऱ्यापैकी खात्री होते.

जाडी प्रत्यक्ष मोजण्यासाठी कार्यशाळेतील स्क्रू गेज हाताशी असतो. अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या तासाला तो अनेकांनी हाताळलेला असतो. त्याचे लघुत्तम माप साधारणतः ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रॉन असते. २० मायक्रॉनची आणि २५ मायक्रॉनची फिल्म त्याला एकेका थरात ओळखता येत नाही. उपाय सोपा आहे: फिल्मचे दहा थर हवा न राहू देता एकमेकांवर ठेवावेत, एकत्रित जाडी घ्यावी आणि दहाने भागावे, ०.२५ मिलिमीटर आले तर थर २५ मायक्रॉनचा. स्क्रू घट्ट आवळला तर मऊ पॉलिथीन दबते, यासाठी रॅचेटचा आवाज येताच थांबावे. एकाच जागी मोजणेही पुरत नाही, कारण फुगवून तयार केलेल्या फिल्मची जाडी रुंदीभर सारखी नसते; दोन्ही कडा, मध्य आणि त्यांच्यामधील जागा अशी पाच-सहा मापे घेऊन सरासरी आणि किमान हे दोन्ही आकडे लिहावेत, कारण फिल्म फाटते ती सरासरीच्या जागी नाही, सर्वांत पातळ जागी. पिशव्यांच्या बाबतीत आणखी एक चकवा असतो. पिशवी नळीसारख्या फिल्मपासून बनते आणि सपाट पडली की दोन थर एकत्र मोजले जातात. विक्रेता 'दोनशे गेज' म्हणतो तेव्हा तो एका थराचा आकडा आहे की दोन्ही थरांचा, हे विचारल्याशिवाय रूपांतराला हात घालू नये.

या सर्व हिशेबाचा सर्वांत मोठा डाव शेततळ्यात लागतो. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या भागांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूगर्भातील पाणी खारट असल्याने विहीर किंवा बोअर सिंचनाच्या कामी येत नाही, आणि पावसाचे साठवलेले गोडे पाणी हाच संरक्षित ओलिताचा खरा आधार उरतो. तेथील सोडियमयुक्त चिकण जमिनीतून पाणी सावकाश झिरपत असल्याने काही तळी अस्तराशिवायही पाणी धरतात. परंतु पट्ट्याबाहेरील मुरमाड जमिनीत, विशेषतः वरुड-मोर्शीच्या संत्राबागांकडे, अस्तर नसलेले तळे उन्हाळ्याच्या तोंडावर रिकामे होते, आणि संत्र्याला पाण्याची गरज नेमकी तेव्हाच असते. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेतील सर्वांत मोठे तळे ३० बाय ३० बाय ३ मीटरचे होते. बाजूंचा उतार एकास एक धरला तर तळ २४ बाय २४ मीटरचा होतो आणि साठा २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर. अशा तळ्याच्या तळाचे आणि चारही उतारांचे क्षेत्र १,०३४ चौरस मीटर भरते; काठावर चर खणून दाबण्यासाठी लागणारा कागद वेगळा. ५०० मायक्रॉन जाडीच्या साध्या एचडीपीई फिल्मला ०.९४ घनतेने एवढ्या क्षेत्रासाठी सुमारे ४८६ किलो प्लास्टिक लागते, तर ४५० मायक्रॉनला ४३७ किलो. बोटांनी चाचपून या दोहोंतील फरक कोणालाही सांगता येणार नाही; काट्यावर तो एका माणसाच्या वजनाइतका दिसतो.

येथे एक मर्यादा ठळकपणे नोंदवणे आवश्यक आहे. शेततळ्यासाठी भारतीय मानक आयएस १५३५१ ज्या कागदाचे वर्णन करते तो साधा सलग पत्रा नसून एचडीपीईच्या पट्ट्या विणून, त्यावर दोन्ही बाजूंनी लेप चढवून केलेले कापड आहे. विणीत पट्ट्या एकमेकींवर चढतात तेथे जाडी जास्त, मधल्या जागेत कमी, आणि आत किंचित पोकळीही असते. त्यामुळे जाडी गुणिले घनता हे सूत्र सलग फिल्मला जसे काटेकोर लागू पडते तसे या कापडाला लागू पडत नाही. अशा मालासाठी मायक्रॉन आणि जीएसएम हे दोन्ही आकडे कोटेशनमध्येच स्वतंत्रपणे मागावेत, आणि एकावरून दुसरा काढण्याचा प्रयत्न करू नये. जाडी हे पाणी न झिरपण्याचे एकमेव प्रमाण नाही, हेही तितकेच खरे. जोड नीट वितळून बसला नाही तर जाड कागदाचे तळेही गळते.

पिशव्यांच्या कायद्याने मायक्रॉन हा शब्द शहरी घराघरांत नेला. १९९९ च्या केंद्रीय नियमांत कॅरीबॅगची किमान जाडी २० मायक्रॉन होती. महाराष्ट्राने २००६ मध्ये ती ५० केली. केंद्राने २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन अशी पायरी चढवली. जुन्या भाषेत हा प्रवास सुमारे ७९ गेजपासून ४७२ गेजपर्यंतचा आहे. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या पिशवीचे दोन्ही थर धरून वजन ५० मायक्रॉनला ११ ग्रॅम, तर १२० मायक्रॉनला साडेसव्वीस ग्रॅम होते. पिशवी महाग व्हावी, फुकट वाटली जाऊ नये आणि गोळा करणाऱ्याला तिचे वजन मिळावे, हा या पायऱ्यांमागील विचार या दोन आकड्यांत दिसतो. महाराष्ट्रात मात्र २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर सरसकट बंदी आणली, म्हणून अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या भाजीबाजारात 'ही जाड आहे, चालते' असे सांगितले जाते तेव्हा प्रश्न जाडीचा उरलेलाच नसतो.

मल्चिंगमध्ये जाडीचा प्रश्न हंगाम संपल्यावर पुन्हा उभा राहतो. तीन-चार महिन्यांच्या भाजीपाल्याला साधारणतः २५ मायक्रॉन, वर्षभराच्या पिकाला ५० आणि फळझाडाच्या आळ्याला १०० मायक्रॉन अशी शिफारस केली जाते, ती केवळ फिल्म तितके दिवस टिकावी म्हणून नाही, तर टिकल्यानंतर ती अखंड उचलता यावी म्हणूनही आहे. पातळ फिल्म उन्हाने ठिसूळ होते, उचलताना तिचे तुकडे पडतात, आणि काळ्या जमिनीच्या भेगांत ते तुकडे खोलवर उतरतात. पुढल्या वर्षी पराटीच्या मुळांना ते भेटतात, आणि बांधावर फेकलेले तुकडे चरणाऱ्या गुरांच्या पोटात जातात. उचललेल्या फिल्मचे वजन अंथरलेल्या वजनाशी ताडून पाहिले, माती झटकून, तर किती प्लास्टिक वावरात राहिले हे किलोत कळते. मायक्रॉन किंवा गेज यांपैकी कोणतेही एकक हे सांगू शकत नाही. पुढील कोष्टकांत मायक्रॉन, गेज आणि मिल यांच्या रकान्यांआधी, डावीकडून पहिला रकाना दर चौरस मीटरच्या वजनाचा ठेवला आहे तो याच कारणाने.